शेप्याची वाटणी

आक्काच्या तोंडाला आमचं सगळं काकती गाव घाबरायचं. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी आली आणि आमच्या आमराईत राबत राहिली. आमराई तिच्या पणजोबांनी कोयी रुजवून उभी केलेली. सगळी रायवळ झाडं, प्रत्येकाला नाव: खोबऱ्या, गोटी, लोण्या, शेप्या. शेप्याच्या आंब्याला शेपूचा वास यायचा आणि आक्काला तोच आवडायचा. कुणी दगड भिरकावला की तिचा आवाज यायचा, "कोण रं त्यो मुडद्या? हिकडं ये, सालटं काढते तुझं!"

पाड लागल्याशिवाय, म्हणजे झाडावर पिकलेला पहिला आंबा आपण होऊन पडल्याशिवाय, ती आंबे उतरू द्यायची नाही. एकदा एक व्यापारी घाईने आधीच माणसं घेऊन आला. आक्का बुंध्याला टेकून बसली. "तुझ्या पोराला सातव्या म्हयन्यात वडून काढलंतंस व्हय रं?" तो चडफडत परत गेला.

आढीतले पिकलेले आंबे ती स्वतः लष्कराच्या कॅम्पात नेऊन विकायची. तिथल्या फौजींच्या बायका आंबा दाबून बघायला लागल्या की तिच्या हिंदीला धार चढे. "दाबको मत देखो बाई, आंबा है, तुमारे पोरगे का गाल नहीं है!" बायका हसत आणि मुकाट्याने घेऊन जात.

आणीबाणी उठली त्या साली माझे वडील आप्पा आणि काका वेगळे झाले. झाडं एकास एक वाटली, शेप्या उरला. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी पंचांनी बुंध्यावर चुन्याची रेघ ओढली. पूर्वेच्या फांद्या आप्पांच्या, पश्चिमेच्या काकांच्या. ही अक्कल पाजळणारी माणसं गावात शहाणी म्हणून मिरवत होती!

"एवढा शेप्या मला द्या," आक्का म्हणाली. "तुमचं भांडाण बी मिटंल."

"तुला जेवायला घालतोय की आमी," काका म्हणाले.

"ह्या हातांनी पिकवलेलं मलाच वाढताय व्हय रं?"

नंतर काका आप्पांना म्हणाले, "आज झाड दिलं तर उद्या जमीन मागंल." माझ्या सख्ख्या बापानेही मान डोलावली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वाऱ्याने पूर्वेचा कच्चा आंबा पश्चिमेला पडला आणि दोघे भाऊ काठ्या घेऊन एकमेकांवर धावले. त्यानंतर त्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, झाड तोडायचं. शेप्याला अजून पाडही लागला नव्हता. आक्का कॅम्पात गेलेली बघून त्यांनी माणसं लावली. ती परतली तेव्हा घरामागच्या परड्यात ओंडक्यांचे दोन सारखे ढीग पडले होते. सगळी काकती ऐकेल अशा शिव्या तिने द्यायला हव्या होत्या. ती रिकामी पाटी घेऊन आत गेली, आणि पुन्हा आमराईकडे फिरकली नाही.

पावसाळा सरता सरता आक्का गेली. सरणासाठी आप्पांनी आपल्या ढिगातले ओंडके काढले. ते बघून काकांनीही काढले, आपण कमी पडायला नको म्हणून. गाडी भरायला लागली तशी मी चाकापुढे जाऊन उभी राहिले.

"ह्ये लाकूड न्हाय घालायचं तिच्यावर!"

"बाजूला हो," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "तिचंच झाड हुतं त्ये. तिच्यासंगं जाऊ दे."

"मग तवा का म्हणाला न्हाईसा, आप्पा?"

काकूने माझा दंड धरून मला ओढलं, आणि गाडी निघाली.