आफिया एका रात्रीपुरती सहम गावी

मस्कतमधल्या दार्सैतच्या गल्लीतून टॅक्सी निघाली तेव्हा माझी सहा वर्षांची नात आफिया मागे वळून बघेल असं वाटलं होतं. तिनं बघितलंच नाही. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा इरफान, मात्र फुटपाथवर हात हलवत उभा राहिला. आईबापाविना ती आजवर कुठे एक रात्रही राहिली नव्हती. "बाबा, रडली तर लगेच फोन करा, मी गाडी घेऊन येतो," असं त्यानं तीनदा बजावलं होतं. तो फोन करायचा नाही, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

मस्कतच्याच रुवी स्टँडवरून सहम गावची बस तीनेक तासांची. उजवीकडे समुद्र असतो, पण खजुराच्या बागांआड दिसत नाही. शेजारच्या ओमानी म्हाताऱ्यानं विचारलं, "बिन्तक?" (तुझी मुलगी?) "बिन्त वलदी," (मुलाची मुलगी) मी म्हटलं, पण या वयात मनातून गुदगुल्या झाल्याच. त्यानं आफियाला संत्रं दिलं. त्याचा निम्मा रस माझ्या इस्त्रीच्या पँटीवर सांडला.

सहमला पुढे माझं किराणा दुकान आणि मागे एक खोली. संध्याकाळी किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या. तिथूनच मासे घेतले, कालवण केलं. आफियाला काटे काढून भरवलं. "दादा (आमच्यात आजोबांना दादा म्हणतात), तिखट आहे, पण अजून द्या," ती म्हणाली. मी खुशीत आलो.

त्याच खुशीत पलंगाखालची बॅग ओढली. आफियासाठी ती महिनाभर भरत होतो. साबण, बाम, टॉर्च, पिस्ते, दूध पावडरचा डबा. दोन वर्षांनी दोन महिने गावी, रत्नागिरीकडे जायचो तेव्हा पोरं अशा बॅगेभोवती गोळा व्हायची. बाप होणं म्हणजे बॅग उघडणं, एवढंच मला ठाऊक.

आफियानं एकेक वस्तू उचलून पाहिली. "दादा, हे सगळं आमच्या बिल्डिंगच्या खाली मिळतं."

खरंच की! मस्कतच्या पोरीसाठी मी मस्कतचंच सामान भरलं होतं. दोघंही पोट धरून हसलो.

पण झोपायची वेळ झाली आणि तिचे ओठ थरथरायला लागले. "अब्बूला फोन लावा."

"अगं, मी आहे ना. कसं झोपवू, सांग."

"अब्बू लहान होते तेव्हा तुम्ही त्यांना कसं झोपवायचात? तसंच."

"मी त्याला कधी झोपवलंच नाही. तो गावी, मी इथे."

"हॉलिडेमध्ये पण नाही?"

"तेव्हा तो माझ्याजवळ यायचा नाही. त्याला मी पाहुणा वाटायचो."

तिनं डोळे पुसले. "ओके. मग मी शिकवते."

आधी दिवा बंद. मग पाण्याचा ग्लास उशाशी. मग पाठीवर थोपटायचं. मी सुरुवात केली तर म्हणते, "दादा, हा ड्रम नाही. स्लो." तिनं माझा हात धरून वेग ठरवून दिला. दहा मिनिटांत तिचा श्वास संथ झाला. थांबलो तर जागी होईल या भीतीनं मी पुढं कितीतरी वेळ थोपटत राहिलो. माझी पोरं अशीच झोपत असतील, असं मनात आलं आणि जीव गलबलला.

दुसऱ्या दिवशी रुवीच्या बस स्टँडवर इरफान आधीच येऊन थांबला होता. "रडली का?"

"थोडीशी," आफियानंच उत्तर दिलं. "दादाला झोपवता येत नव्हतं. मी शिकवलं. आता येतं."

इरफान हसला. माझ्या हातातली पिशवी घेऊन गाडीकडे निघाला. चाळीस वर्षं मी या देशात ये-जा केली, पण कालच्याएवढा लांबचा प्रवास झाला नव्हता. गाडीचं दार उघडताना माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "बाबा, पुढच्या गुरुवारी मीपण येऊ राहायला?"

पस्तिशी ओलांडलेला माझा पोरगा.

"ये," मी म्हटलं. "खोली लहान आहे, पण ये."