गव्हावर गहू

१९८६ साली बदलापुरात राहायला आल्यावर मालिनीबाई पहिल्यांदा दळण घेऊन गेल्या, तेव्हा नंबर त्यांचा असूनही विठाने त्यांचा डबा बाजूला सरकवला. त्यांना राग आला.

"आता बाजरी चाललीय, वैनी," विठा म्हणाली. "गव्हावर गहू येऊ द्या. नाहीतर पोळ्या काळ्या होतील, आणि नाव माझं."

भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली ती चाळिशीची बाई तेव्हापासून मालिनीबाईंच्या लक्षात राहिली.

विठा मूळची चामटोलीची. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या फंडाच्या पैशांतून तिने ही गिरणी घेतली. मोटर गेली तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. मुलीला घेऊन दिराच्या दारात उभं राहावं लागलं असतं. आणि त्या हिवाळ्यात जवळपासच्या दोन गिरण्यांच्या मोटरी चोरीला गेल्या, दोन्ही शुक्रवारी भर दुपारी. शुक्रवारी वीज नसे, म्हणून गिरण्या बंद असत.

एका बुधवारी मालिनीबाई गिरणीत असतानाच एक अनोळखी माणूस गव्हाचा डबा घेऊन आला. बाजरी चाललीय, थांबावं लागेल, असं विठाने सवयीने सांगितलं.

"चालेल की. बाजरीवरच दळा."

त्याची नजर मोटरीच्या नटांवर होती. शुक्रवारी बंदच ना, एवढं विचारून, डबा तिथेच ठेवून तो गेला. विठाने झाकण काढून मूठभर गहू हातावर घेतले. खडे, काड्या, सगळं तसंच.

"वैनी, हा माणूस हे पीठ खाणारा नाही."

चौकीवर कळवू, असं मालिनीबाई म्हणाल्या. काय कळवणार, बाजरीवर गहू दळायला सांगितले म्हणून? विठाने विचारलं. त्यापेक्षा शुक्रवारी आपापलं धान्य निवडायला इथेच या, असं तिने आळीभर सांगून टाकलं.

शुक्रवारी बारा जणी सुपं घेऊन गिरणीत बसल्या. भिमाबाईने तर मुसळही आणलं. अडीचच्या सुमाराला दारात टेम्पो थांबला. तोच माणूस उतरला, आणि त्याच्यामागून पाना घेतलेला एक खाकी कपड्यांतला. आतली सुपं थांबली. मोटर दुरुस्तीला न्यायची आहे, मालकांनी पाठवलंय, असं खाकीवाला चाचरत म्हणाला.

"मालक मीच," विठा म्हणाली. "तुमचं दळण तयार आहे. खडे मी काढले, गव्हावरच दळलंय. न्या."

"पुढच्या वेळी निवडून आणा हो," भिमाबाई मुसळावर हात ठेवून म्हणाली.

मालिनीबाई दारात जाऊन टेम्पोचा नंबर मोठ्याने वाचू लागल्या. आकडे चुकले नाहीत. दोघं टेम्पोत बसले आणि निघून गेले. डबा तिथेच राहिला.

पुढे कितीतरी शुक्रवार बायका गिरणीतच धान्य निवडायला बसत. मोटर जागची हलली नाही.

विठा आता पासष्टीची आहे. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून त्या माणसाचा डबा उपडा घालून त्यावर बसून ती दळते.