शुभावहिनींच्या मून क्लिपा

कुणाच्या घरी गप्पा मारायला गेलं की घरातली बाई बोलता बोलता लसूण सोलते, मेथी निवडते. शुभावहिनी रिव्हॉल्वर भरायच्या. तोंडानं नवऱ्याच्या, मकरंदच्या ब्लडप्रेशरपासून जपानातल्या आमच्या उरायासुत न मिळणाऱ्या कढीपत्त्यापर्यंत सगळं चालू, आणि मांडीवर डाव्या हातानं रिव्हॉल्वरचं चक्र बाहेर, उजव्या हातानं सहा काडतुसं एकदम आत, टक्. पुन्हा बाहेर, पुन्हा टक्. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बूट काढायचे विसरून दारातच उभा राहिलो.

"बसा की भावजी," त्या म्हणाल्या. "भरलंय, पण तुमच्यासाठी नाही."

रिव्हॉल्वर खेळण्यातलं होतं, हे लगेच सांगून टाकतो. खरं असतं तर जपानी पोलिसांनी आम्हा सगळ्यांना एकाच विमानानं परत धाडलं असतं. भिजलेल्या साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे छरे उडवणारं ते खेळणं, पण वजन आणि चक्र फिरायची ढब अगदी खऱ्याची. आणि हातात धरणाऱ्या बाईचा आव तर खऱ्याहून खरा.

त्या वर्षांत पुण्यामुंबईचे इंजिनिअर आपापले प्रेशर कुकर घेऊन तोक्योच्या खाडीकाठी उतरत होते. त्यांत आमचीही दोन बिऱ्हाडं, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. मकरंद आणि मी सकाळी तोयोसुच्या ऑफिसात जायचो आणि वहिनी घरी. मूळच्या त्या कोल्हापूरच्या. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवायच्या, राज्याच्या संघापर्यंत पोचल्या होत्या. मग लग्न, पुणे, आणि एकदम उरायासु. एकदा तूरडाळ आणायला म्हणून ग्योतोकुला गेल्या आणि डाळीऐवजी रिव्हॉल्वर घेऊन आल्या. वाटेत ओगावासान नावाच्या म्हाताऱ्याचं मॉडेल गनचं दुकान लागलं होतं. दुकानाच्या तळघरात नेमबाजीची जागा होती आणि दर रविवारी तिथं त्यांचा क्लब भरायचा.

वहिनींना जपानी येत नव्हतं. माझं जपानी सर्व्हर बंद पडल्याबद्दल माफी मागण्यापुरतं पक्कं होतं. तेवढ्या भांडवलावर मकरंदनं मला दुभाष्या नेमलं, कारण रविवारी त्याला झोपायचं असे. मग दर रविवारी तोझाई लाईनच्या डब्यात वहिनी रिव्हॉल्वरची पेटी मांडीवर घेऊन डुलक्या काढायच्या, आणि मी डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक गणवेशाकडे बघून परदेशी नोंदणीचं कार्ड चाचपत बसायचो. एकदा तो गणवेश शाळेतल्या बँडचा निघाला.

आता मून क्लिप म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण वहिनींचा सगळा जीव त्यात. चकलीच्या सोऱ्याची चकती डोळ्यांपुढे आणा. तशीच पातळ पोलादी चकती, पण कडेला सहा खाचा. प्रत्येक खाचेत एक काडतूस अडकवायचं. सहाही एका गुच्छात राहतात आणि एका हिसक्यात चक्रात जातात. चकती केसभर जरी वाकली तरी काडतुसं तिरकी बसतात, चक्र घासत फिरतं, घोडा ओढताना बोट अडतं. म्हणून वहिनी प्रत्येक क्लिप जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवून बोटानं दाबून बघायच्या. डुगडुगली की बाद. मग भरून चक्राला अंगठ्यानं गरका द्यायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. त्यातूनही एखादी बाद व्हायची.

"ही तुमच्या ऑफिसात न्या," त्या म्हणायच्या. "तिथं वाकडं चालतं."

मला त्यांनी भरायला शिकवायचा प्रयत्न केला. मी सहा काडतुसं सहा भोकांवर धरून पोस्टाचा शिक्का मारावा तशी दाबायचो, आणि सहाही कडेवर अडून बसायची.

"ढकलताय कशाला? नळी खाली करा. सगळ्यांकडे बघू नका. एकाला घर दाखवा, बाकीचे त्याच्या मागनं जातात. आणि गुच्छ सैल धरा की, प्रत्येकाला थोडं हलायला जागा पाहिजे."

मी एकाला घर दाखवायचो. ते आत जायचं. बाकीचे पाच मला ओळखत नसल्यासारखे बाहेर थांबायचे. माझ्या बायकोचं, नीताचं म्हणणं, हा माणूस कुकरची शिट्टीसुद्धा दाबून बसवतो, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

क्लबात मात्र वहिनींना एकच दुःख होतं, आणि ते त्यांनी मला गाडीत दर रविवारी सांगितलं. तिथं त्या ओक्याकुसान होत्या. म्हणजे पाहुण्या. ओगावासान त्यांना पुढची खुर्ची द्यायचे. नेम लागला तर सगळे टाळ्या वाजवायचे, चुकला तर जास्त वाजवायचे. सामन्याचे गुण लिहायच्या फळ्यावर त्यांचं नाव नसायचं. त्यांची फेरी सगळ्यांच्या शेवटी, आईस्क्रीमसारखी.

"किती चांगली वागणूक देतात," मी म्हणालो.

"लग्नात पाहुण्यांना देतात तशी," वहिनी म्हणाल्या. "जेवा आणि जा. मला वसंतातल्या सामन्याच्या संघात घ्या म्हणून सांगा त्यांना."

मी सांगितलं. ओगावासान तोंडातल्या तोंडात बराच वेळ हवा ओढत राहिले, म्हणजे अवघड आहे. मग म्हणाले, फेब्रुवारीत निवड आहे, पाहुण्यांनी अवश्य भाग घ्यावा. नियम साधा होता. सहा झाडायचे, भरायचं, पुन्हा सहा झाडायचे. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यांतली चांगली धरली जाईल. भरताना अडलं की ती फेरी गेली.

वहिनींनी हिवाळाभर तयारी केली. क्लिपा आणि काडतुसं गुळगुळीत सरकावीत म्हणून त्या तेल लावायच्या. दुकानातल्या तेलांच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते कळायचं नाही, आणि मला विचारलं तर मलाही कळायचं नाही. म्हणून त्यांनी सुरुवातीपासूनच कोल्हापूरहून आणलेलं खोबरेल काढलं होतं. "केसांना चालतं, कडीकोयंड्याला चालतं, हिला का नाही?" आणि चालत होतं. उन्हाळ्यात लोण्यासारखं चाललं. थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवून मग लावायचं, ही सवय आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. त्या हीटरसमोर बसून भरायच्या आणि क्लबाचं तळघरही उबदार. अडायचं काही कारणच नव्हतं.

निवड तळघरात नव्हती. चिबाच्या बंदराजवळचं एक रिकामं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. पत्र्याचं छत, समुद्राचा वारा, आणि सकाळची वेळ. आत सगळे तोंडातून वाफा सोडत उभे होते. वहिनींनी पंजाबी ड्रेसवर मकरंदचं जाकीट चढवलं होतं.

पहिले सहा छान गेले. चक्र बाहेर आलं, रिकामी काडतुसं खाली पडली, कमरेची क्लिप हातात आली. वहिनींनी नळी खाली केली, एकाला घर दाखवलं. ते अर्धं गेलं आणि थांबलं. बाकीचे पाच काठीसारखे ताठ. वहिनींनी गुच्छ हलवून बघितला. मग जे मला वर्षभर करू दिलं नव्हतं ते केलं, अंगठ्यानं दाबलं. काही हललं नाही. ओगावासाननी शिट्टी वाजवली.

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून.

"टाळ्या कशाला?" वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं, थंडीनं की कशानं कोण जाणे. "सांगा त्यांना, जिचं चुकलं तिला टाळ्या वाजवू नका म्हणून."

मी जपानीत म्हणालो, त्या आभारी आहेत.

ओगावासान म्हणाले, पाहुण्यांनी दमून जाऊ नये, दुसरी फेरी नाही केली तरी हरकत नाही. हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं, कारण मलाही घरी जाऊन आमटीभात खायचा होता. वहिनींनी ऐकलंच नाही. त्या क्लिप नाकाशी धरून उभ्या होत्या. मग नखानं काडतुसाच्या बुडाशी खरवडलं. नखावर पांढरं आलं.

"गोठलंय ओ," त्या म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. "काडतुसं हलणार कशी? सहाही चिकटून बसल्यात. रुमाल आहे?"

रुमाल नव्हता, पण स्टेशनाबाहेर फुकट वाटतात ती कागदी रुमालांची पाकिटं माझ्या कोटाच्या प्रत्येक खिशात होती. फुकट मिळतंय ते सोडायचं नाही, हे माझं जपानमधलं एकमेव तत्त्व. शिवाय खिशात काइरो होता, चोळल्यावर गरम होणारी ती पुडी. आम्ही दोघं फरशीवर बसलो. मी काडतूस काइरोवर धरायचं, खोबरेल पातळ झालं की वहिनींनी पुसायचं. चक्राची भोकं त्यांनी कागदाची सुरळी करून आतून पुसली. सबंध गोदामाला आमच्या घरच्या न्हाणीघराचा वास सुटला. वहिनींनी प्रत्येक काडतूस खाचेत बसवून हलवून बघितलं. जराशी खुळखुळली सगळी. "आता बरोबर. कोरडीच जाऊ देत."

दुसऱ्या फेरीला सहा झाडले. चक्र बाहेर. नळी खाली. क्लिप आली, एक काडतूस भोकाच्या तोंडाशी टेकलं, आणि वहिनींनी बोटं सोडून दिली. टक्. दाबलं नाही, बघितलंसुद्धा नाही. पुढचे सहा त्यांनी मेथी निवडावी इतक्या स्वस्थपणे मारले.

या खेपेला कुणी टाळी वाजवली नाही. ओगावासान तरातरा चालत आले आणि बोलायला लागले. वास कसला येतोय? कुठलं तेल हे? खायचं? यंत्राला खायचं तेल? प्लास्टिक खराब होतं, रबर फुगतं, विचारायला काय झालं होतं? वर्षभर तळघरात बसता, एकदा विचारता येत नाही? त्या सभ्य म्हाताऱ्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरून काहीतरी गुळमुळीत भाषांतर जुळवायला लागलो.

"राहू द्या भावजी," वहिनी मान खाली घालून म्हणाल्या. "मला सगळं समजतंय." चेहऱ्यावर बक्षीस घेताना असतं तसं काहीतरी होतं.

बोलून झाल्यावर ओगावासाननी कोपऱ्यातला झाडू आणून त्यांच्या हातात दिला आणि फरशीवर पसरलेल्या छऱ्यांकडे बोट केलं. संघात निवडले गेलेले बाकीचे तिघं आधीच झाडत होते. वहिनी त्यांच्यात जाऊन झाडायला लागल्या. त्यांतल्या एकानं सरकून त्यांना जागा दिली, त्यांच्याकडे न बघता.

वसंतातल्या सामन्यात त्यांचा संघ लवकर हरला. परतीच्या गाडीत वहिनी संघातल्या दोघांच्या उभं राहण्यातल्या चुका मला एवढ्या तपशिलानं सांगत होत्या की त्यांना हरल्याचं दुःख झालं असावं असं म्हणायला मी धजत नाही.

पुढच्या वर्षी मकरंदचं काम संपलं. सोमवारचं विमान होतं. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर घरभर खोकी, मकरंद एका बॅगेवर बसून दुसरीची चेन ओढत होता, आणि वहिनी बूट घालत होत्या.

"आज तरी राहू द्या वहिनी," मी म्हणालो. "निरोप काय, फोनवरही देता येतो."

"निरोपाला कोण चाललंय?" त्या म्हणाल्या. "आज झाडलोट माझ्याकडं आहे."