भिंतीला हात

व्हर्ना हचेन्सने ओहायोतल्या आमच्या मेपल रिज मॉलमध्ये एकतीस वर्षं अत्तरं विकली. समोरच मी किल्ल्या बनवायचो. गाडी लावायला जागा मिळायची नाही असे दिवस आम्ही पाहिले. सरकता जिना बंद पडला तरी कुणी हूं की चूं करत नाही, असेही पाहिले. दुकानं एकेक करून उठली. शेवटी उरले ते सकाळी आत फिरायला येणारे म्हातारे. त्यांच्यात पहिला व्हर्नाचा नवरा, लायल. या मंडळींचा नियम कडक: टोकाच्या भिंतीला हात लावल्याशिवाय फेरी धरायची नाही.

मॉलला टाळं लागून चार वर्षं झाली, तोवर लायलची स्मरणशक्तीही गेली. पाडकाम सुरू झालं त्या आठवड्यात एका सकाळी व्हर्नाचा फोन आला. "बर्ट, लायल घरात नाही. त्याचे फिरायचे बूटही नाहीत!"

कुंपणापाशी मुकादमाने आम्हाला अडवलं. "आजीबाई, आत चिटपाखरू नाही. बघूनच काम सुरू केलंय."

"माल उतरवायचं मागचं दार बघितलंस?" मी ओरडलो. तिथलं कुलूप मीच बसवलं होतं. दार नुसतं ढकललं तरी ते उघडतं, हे मला ठाऊक होतं. दुरुस्त मात्र कधी केलं नाही. "यंत्र बंद कर आधी!"

यंत्र थांबलं, तसे आम्ही त्याच दाराने आत शिरून जिना चढलो. वरच्या मजल्यावर धुळीतून लायल झपाझप चालला होता. टोकाची भिंत कालच पाडली होती. तिथे जमीन संपत होती आणि खाली नुसत्या सळया.

"लायल, थांब!"

"शेवटची फेरी रे!" तो न वळता म्हणाला.

मी धावणार, तोच व्हर्नाने माझी बाही ओढली. "पळू नकोस. कुणी मागे लागलं की तो शर्यत लावतो."

ती तिच्या जुन्या दुकानातून आडवी गेली आणि त्याच्या पुढ्यात बाहेर आली. तुटलेल्या कडेकडे पाठ करून तिने तळवा समोर धरला.

"भिंत इथे आहे." तिचा आवाज कापत होता, हात नाही.

लायलने संशयाने पाहिलं. मग त्याने तळव्याला हात लावला आणि सवयीने मागे वळला.

"आज भिंत गरम आहे," तो म्हणाला.

मी भर धुळीत रडलो, लाज नाही वाटली.

मॉल आता सपाट झालाय. रोज सकाळी व्हर्ना आमच्या गल्लीच्या टोकाला तळवा पुढे करून उभी असते.