आमच्या व्याह्यांचे तिखट कान

आमच्या व्याह्यांनी जन्मात कोणाचं ऐकलेलं नाही. लोक आपल्या पदव्या मिरवतात, जमिनी मिरवतात, आमचे व्याही हे मिरवतात. जन्म धुळ्याकडचा, सगळी हयात सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांत गेली आणि शेवटी कारागिरांवरचे मास्तर होऊन घरी बसले. म्हणजे बसले असं आपण म्हणायचं. कामगारांवर ओरडणं थांबलं, ते घरच्यांवर सुरू झालं. त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो, नाहीतर या माणसाला आदरार्थी हाक मारावी असं माझ्या मनात कधी आलं नसतं. त्यांच्या मुलाला मी माझी मुलगी दिली. जावई गुणी आहे. तो कोणावर गेला हे मला आजही सांगता येणार नाही.

मी सुरतेजवळ चलथाणला राहतो, साखर कारखान्याच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे एक माणूस बोलतो तेव्हा दुसरा गप्प बसतो, अशी पद्धत आहे. आबांच्या घरी आबा बोलतात आणि बाकीचे जेवतात. सुरतेत पर्वत पाटियाच्या त्यांच्या घरात मी पाऊल ठेवलं की चपला काढायच्या आत बाजारभाव, राजकारण, माझं वाढलेलं पोट आणि माझ्या जातीबाहेरच्या मित्रांची चौकशी, असं सगळं एका दमात होऊन जातं. प्रश्न तेच विचारतात आणि उत्तरही तेच देतात. "कसे शेतस याही? बरं शे ना? बरंच शे!" माझी तब्येत बरी नसेल तर ती सांगायला मला बोलण्यात कुठे फट सापडत नाही. एकदा मला चांगला ताप होता आणि त्यांनी मला आग्रहाने दोन वाट्या श्रीखंड खायला घातलं.

त्यांच्या सवयींबद्दल काय सांगावं! पहिली सवय दिव्याची. लाईट गेली की आबा तोंड फिरवून बसतात आणि इतरांनाही बोलू देत नाहीत. "अंधारामा बोलू नही," हे त्यांचं शास्त्र. का म्हणून विचारलं तर लक्ष्मी जाते म्हणतात. मी म्हटलं, तुमच्या आवाजाने जी लक्ष्मी उजेडात टिकली ती अंधारात कशाला जाईल? तर अर्थातच माझ्याकडे दुर्लक्ष. दुसरी सवय, माझ्या मिशीशी वैर. मला तरुणपणापासून चांगली भरघोस मिशी आहे. आमच्या कचेरीत तिला मान होता. पण लग्नाच्या बैठकीतच, मुलीचं शिक्षण, पत्रिका, काही न विचारता आबा पहिलं वाक्य बोलले ते असं, "मिश्या काढी टाका याही, तोंड मोकळं दिसी." त्यानंतर दर भेटीत तोच विषय. दिवाळीला मला एकदा दाढीचं सामान भेट दिलं. माझ्या बायकोचं म्हणणं होतं की माणसाला एखादा चाळा असतो, सोडून द्यावं. मी सोडलं नाही. मिशीही नाही आणि रागही नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांच्या कानांची बढाई. शेकडो लूम एकदम खडखडत असताना कुठल्या लूमचा धोटा अडकणार आहे हे त्यांना म्हणे आधी ऐकू यायचं. लूमच्या खडखडाटात आवाज कोणाचाच कोणाला पोचत नाही. तिथले कारागीर ओठांनी आणि हातांनी बोलतात. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. अंगठा तोंडाशी नेला की चहा. आबा घरीही तसेच बोलतात. मी जिना चढताना दिसलो की विहीणबाईंना पोटावरून हात फिरवून दाखवतात, हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

मग आमची नात झाली. दोन्ही घरांत मिळून ती एकच. आबांनी तिच्यावर ताबडतोब कब्जा केला. दिवसभर त्यांच्या मांडीवर. आम्ही आठवड्याने भेटायला जावं तर ती आमच्याकडे पाहुण्यासारखी बघायची. पोर गोड होती, नजर चलाख, पण दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलेना. माझ्या मुलीने एक दिवस फोन केला. खाली वरातीचा डीजे वाजत होता, खिडकीच्या काचा हादरत होत्या, आणि पोर पाळण्यात गाढ झोपली होती. "बाबा, तिला ऐकू येत नाही असं मला वाटतंय," एवढंच ती म्हणाली. मी तसाच निघालो.

आबांनी हा विषय उडवून लावला. "मन्ही नातले बठ्ठं आयकू येस!" म्हणाले, आणि तिथल्या तिथे सिद्ध करायला स्टीलचं ताट आणून तिच्यामागे फरशीवर आपटलं. पोरीने मान वळवली. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आपटायचं पुढचं ताट मीच होतो. मुलगी म्हणाली, फरशी हादरली म्हणून वळली ती, ताट हातात धरून वाजवा. ते मात्र आबांना ऐकू आलं नाही. वर त्यांनी नवीनच काढलं, "ती माले आबा म्हणस. रोज म्हणस!" आता, घरात त्यांची बायको, मुलगा, सून, कोणीही पोरीच्या तोंडून आबा हा शब्द कधी ऐकला नव्हता. फक्त आबांनी ऐकला होता. माणसाने थाप मारावी, पण आजारी लेकरावरून मारू नये. त्या दिवशी मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. पोरीला तपासायला न्यायची त्यांनी बरेच दिवस अशीच टाळाटाळ केली. करंट लावतात, डोकं बिघडतं, आमच्या घराण्यात पोरं उशिरा बोलतात, असं काय वाटेल ते. शेवटी माझी मुलगी, जी त्या घरात कधी मान वर करून बोलली नव्हती, ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मी निघाले. यायचं तर या."

आबा आले. मशीनची फजिती बघायला आले. दवाखान्यात कानाच्या बेरा टेस्टसाठी माणसं बसली होती. कोणाच्या पदरात तान्हं बाळ, एक शाळकरी मुलगी, एक म्हातारी. आबांनी प्रत्येकाला फुकट निदान दिलं. म्हातारीला म्हणाले, कानात कोमट तेल घाला. तिला ऐकू आलं नाही, हे तिचं नशीब. तपासणाऱ्या बेन तरुण होत्या, गुजराती, फार शांत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कपाळाला आणि कानामागे छोट्या तारा चिकटवायच्या, कानात टकटक असा आवाज सोडायचा, आणि तो आवाज कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो की नाही ते पडद्यावर लाटांनी दिसतं. पेशंटने काही बोलायचं नाही, हात वर करायचा नाही. म्हणून तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणाचीही करता येते. आबांना हा सरळ अपमान वाटला. "इचारल्याबिगर जबाब? हाई काय पोलीस चौकी शे का?"

बेन हसल्या. "दादा, बेबी ऊंघी जाय पछी ज टेस्ट थाय," म्हणाल्या. पोरीने झोपायला हवं होतं आणि ती टक्क जागी. आईने थोपटलं, मी थोपटलं. शेवटी आबांनी तिला छातीवर पालथी घेतली आणि नाकातून लूमसारखी एकसुरी घरघर लावली. त्या घरघरीने माझ्या डोक्यात कळ गेली, पण पोर झोपली. मग तिला हलकेच पलंगावर ठेवून तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघा उमटू लागल्या. बेन आवाज वाढवत गेल्या. रेघा सरळच राहिल्या, नदीचं पाणी उन्हाळ्यात पडून असतं तशा. आणखी वाढवला. तरी सरळ. दुसऱ्या कानालाही तेच. माझ्या मुलीने पदर तोंडात धरला. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी पडद्याकडेच बघत राहिलो.

"मशीन खोटं शे," आबा म्हणाले. तेवढ्यात तारा काढताना पोर जागी झाली, आबांना बघून हसली आणि तिचे ओठ हलले. एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "आयकं का? म्हणनी ना आबा?" आबा विजयाने आमच्याकडे वळले. कोणीच काही ऐकलं नव्हतं, कारण पोरीच्या तोंडून आवाजच निघाला नव्हता.

बेन उठून आबांच्या पाठीमागे गेल्या. "दादा," त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग टाळी वाजवली. आबा आमच्याकडे बघत होते, आम्ही असे का बघतोय म्हणून. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. बेन पुढे आल्या, त्यांच्या समोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "दादा, तमे शुं काम करता हता?" आबा छाती काढून म्हणाले, "लूम!"

त्यांचीही तपासणी करायची ठरली. आधी साधी, आवाज आला की बोट वर करायची. आबांनी प्रत्येक वेळी बोट वर केलं. मग बेनच्या लक्षात आलं की आबा त्यांचा बटणावरचा हात बघून बोट उचलतायत. "दादा, हवे तमारो वारो," म्हणत त्यांनी आबांना नातीच्याच पलंगावर निजवलं आणि त्याच तारा लावल्या. जन्मभर उत्तरं देऊन जगाची तोंडं बंद करणारा हा माणूस एकदाचा अशा परीक्षेत सापडला की जिथे उत्तर द्यायची सोयच नव्हती. पाच मिनिटांत घोरायला लागले. त्यांच्या लाटा आल्या, पण आवाज फार मोठा केल्यावर, आणि त्याही मरगळलेल्या. लूमने त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. तेव्हा मला अंधार कळला, अखंड बडबड कळली, आणि माझी मिशी कळली. ती नेमकी माझ्या ओठांवर आडवी येत होती. आबांनी थाप मारली नव्हती. पोर खरंच रोज त्यांना आबा म्हणत होती. त्यांच्या ओठांवरून शिकली होती, त्यांच्यासारखीच, आवाजाशिवाय. सगळ्या घरात तिची भाषा कळणारा एकच माणूस होता, आणि तो हाच बहिरा असावा!

नातीला कानाची यंत्रं मिळाली, शिकवणारी बाई मिळाली, पुढे ऑपरेशन लागेल का ते डॉक्टर बघतायत. आबांनाही यंत्र मिळालं. ते त्यांनी सुपारीच्या डबीत ठेवून दिलं, कारण घातल्यावर म्हणे बायकोचा आवाज फार येतो. स्वभावात फरक शून्य. दवाखान्यातली मशीन आपण कशी बरोबर ठरवली हे ते आता गल्लीत सांगतात. मी मिशी काढली. आबांसाठी नाही, पांढरी झाली होती म्हणून. बायको म्हणते सोललेल्या बटाट्यासारखं दिसतं.

परवा पर्वत पाटियाला गेलो तेव्हा पोर फरशीवर डबे मांडत होती. आबा नेहमीसारखे समोर बसून ओरडत होते. तिने मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आब्बा." जाडाभरडा, घशात अडकलेला आवाज, पण आवाज. स्वयंपाकघरातून माझी मुलगी ओल्या हातांनी धावत आली आणि दारातच थिजली. आबांना काही वेगळं झालं हे कळलंच नाही. त्यांच्यासाठी हे रोजचंच होतं. पण सुनेचा चेहरा बघून ते थांबले. मग माझ्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत राहिले.

"आवाज उना का, याही?"

मला या माणसाला कधीही हो म्हणायचं नव्हतं. मी त्यांच्याकडे सरळ तोंड केलं आणि सावकाश म्हटलं, "आला, आबा. आला."

ते माझ्या ओठांकडेच बघत होते. "मी तं पहिलेपासून सांगी ऱ्हायनू," म्हणाले. मग सुपारीची डबी उघडली, यंत्र काढून कानात बसवलं, आणि नातीच्या समोर मांडी घालून, तोंड मिटून बसले. पोर आपली डबे मांडत होती.