रामाच्या पाठीमागचं वन

स्वदेशीची पत्रकं वाचून वाढलेला मी. देवावर विश्वास होता, पण तो भाषणापुरता. त्या वर्षी फुलचूरच्या आमच्या लहानशा राममंदिरात रामनवमीला मूर्तींच्या मागे वनाचं मोठं चित्र लावायचं ठरलं. पुजारीबुवा छापील विलायती चित्र आणणार होते. मी भर सभामंडपात उठून सांगितलं की वनवासी रामाच्या पाठीशी परदेशी जंगल उभं राहणार नाही. चित्र मी काढीन, खादीवर, इथल्याच मातीच्या आणि झाडपाल्याच्या रंगांनी.

बोलणं सोपं होतं. पानं वाटून केलेला हिरवा रंग दोन दिवसांत मातकट झाला. निळीत पिवळा मिसळावा, तर बाजारातली नीळही विलायती. पुजारीबुवा चित्र पाहून म्हणाले, "बाप्पा, तुझं वन तर रामाच्या आधीच वाळून गेलं." सगळे हसले. चार दिवस उरले होते. जमलं नाही तर छापील चित्र लागणार होतं, आणि माझ्या तोंडून स्वदेशीचा शब्द पुन्हा कोणी ऐकून घेतला नसता.

टिकाऊ हिरवा शोधायला सकाळच्या गाडीने दरेकशाला गेलो. डोंगरात एका खडकावर कापड पसरलं आणि दुपारपर्यंत सापडेल त्या झाडाची पानं वाटली. प्रत्येक रंग वाळताच फिका पडला. शेवटी हात जोडले, सभेत जोडतात तसे नव्हेत. रामा, एवढा हिरवा दे, म्हटलं.

मोहफुलांची टोपली घेऊन एक गोंड म्हातारी उतरत होती. काय चाललंय म्हणून तिने विचारलं. मी तावातावाने तिला स्वदेशीपासून सगळं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हिरव्यासाठी कायले जीव काढून राह्यला बाबू? चैतात जंगल हिरवा रायते का? वर त पाय."

वर पाहिलं. कुसुमाच्या झाडाची कोवळी पालवी लालबुंद, पळस पेटलेला, मोहाच्या फांद्या बोडक्या, साग वाळलेला, खाली गेरूसारखी माती. हिरवं नावापुरतं. परदेशी रंग मी टाकले होते, डोळे मात्र त्या छापील चित्रांचेच राहिले होते. मला स्वतःचंच हसू आलं. म्हातारीने पदराच्या गाठीतून धावड्याच्या डिंकाचा खडा दिला. यात माती कालवली की रंग सुटत नाही, म्हणाली. नाव विचारीपर्यंत ती वळणाआड गेली. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मी रामाकडे माझ्या मनातलं वन मागत होतो, त्याने त्याचं दाखवलं.

गेरू, पिवळी माती, पळसफुलं आणि काजळी यांच्या रंगांनी तीन दिवसांत चित्र झालं. रामनवमीला ते लागलं. पुजारीबुवा बराच वेळ पाहत राहिले. वाटलं, आता काही गोड बोलतील. ते म्हणाले, "मोहाचं झाड काढलंस, अन् खाली फुलं काऊन नाहीत?"

चूक खरी होती. पिवळ्या मातीची वाटी घेऊन मी मूर्तींच्या मागे शिरलो आणि गुडघे टेकून एकेक फूल काढू लागलो. बाहेर आरतीसाठी हाका चालल्या होत्या. फुलं काढून झाली, तरी मी तिथून उठलो नाही; मातीने माखलेले हात आपोआप जोडले गेले होते.