भुवईमावशीचा दोरा

भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक भुवईमावशीच्या दातात असायचं, बाकीचा दोरा बोटांत, आणि तरीही तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. दात न उघडता बोलायची कला तिने इतक्या वर्षांत कमावली होती. खुर्चीतली बाई दोन्ही हातांनी पापणी ताणून धरायची, डोळे मिटायची आणि निमूट ऐकायची. न ऐकून सांगते कोणाला!

मावशीचं पार्लर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, एक खुर्ची, एक आरसा. कोपर काळं पडलंय? लिंबू आणि खायचा सोडा. टाचेला भेगा? त्यांवरही उपाय तयार. कोणी शंका काढली की तिचं उत्तर ठरलेलं, "घरचंच तर आहे, त्याने कसला अपाय होणार?"

तर अशा या मावशीच्या एक दिवस लक्षात आलं की बँकेतल्या बाई श्वास घेत नाहीत. बाई जुन्या, दर महिन्याच्या. मावशी त्यांच्या कपाळावर वाकली की त्यांची छाती हलायची थांबे, आणि दोरा बदलायला मावशी वळली की पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास. मावशीला वाटलं, दुखत असेल बिचारीला. मग बाई यायच्याच बंद झाल्या. एकदा समोरच्या फुटपाथवरून जाताना दिसल्या, भुवया ताज्या कोरलेल्या. ही कोर आपली नाही, हे मावशीने रस्त्याच्या या बाजूने ओळखलं. म्हणजे दुखणं नव्हे, श्वास रोखण्याचं कारण दुसरंच होतं.

घरी आल्या आल्या तिने नणंदेला गाठलं. नणंद शेजारीच राहायची आणि फटकळ म्हणून प्रसिद्ध होती.

"खरं सांग, माझ्या तोंडाला वास येतो का?"

"येतो की."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"वहिनी, तुझ्यासमोर बोलायला मधे जागा कुठे मिळते?"

मावशी रडली वगैरे नाही. दुसऱ्याच दिवशी ती कामाला लागली. गालात लवंग, पर्समध्ये बडीशेप, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वास तासभर दबायचा आणि पुन्हा हजर. लवंगेचं तेल थेट हिरडीला चोळून पाहिलं, तर हिरडी अशी पोळली की दिवसभर मावशी खरोखरच गप्प बसली. गिऱ्हाइकांना वाटलं घरात काही वाईट घडलंय. शेवटी तिने आपलं हुकमी अस्त्र काढलं. लिंबू-सोड्याने कोपर उजळतं, मान उजळते, मग दातांनी काय घोडं मारलंय? ती रोज लिंबाच्या फोडीवर सोडा टाकून दात घासू लागली. दात लखलखले. मावशी आरशात हसून बघायची आणि येईल त्या बाईला हाच उपाय सांगायची.

एका सकाळी खुर्चीतल्या बाईची डावी भुवई झाली, उजवीसाठी मावशीने दोरा दातात ओढला, आणि दातातून थेट डोक्यात अशी कळ गेली की दोरा सुटून बाईच्या नाकावर पडला. पुन्हा धरला, पुन्हा कळ. ज्या मावशीने चिमट्याला "आळशांचं काम" म्हणून आयुष्यभर हिणवलं, तिने उजवी भुवई चिमट्याने उरकली. त्या दिवशी मात्र ती घाबरली. वासाने एक बाई गेली होती. दोराच धरता आला नाही तर सगळ्याच जातील.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण मावशीला बोलू न देण्याची सोय त्यांच्याकडे होती: तोंडात आरसा.

"लिंबू-सोडा बंद. आजपासून," त्या म्हणाल्या. "कातडी झिजली तर नवी येते, मावशी. दाताचं वरचं कडक आवरण एकदा झिजलं की परत येत नाही."

आरसा निघताच मावशी उसळली, "पण घरचंच आहे ना ते!"

"चुलीतला विस्तवही घरचाच असतो. मिठाच्या गुळण्या करा, लवंग चघळा, त्यांनी बिघडत नाही. पण त्यांनी वास नुसता दबतो, जात नाही. तुमच्या हिरड्यांखाली कीटण साचलंय, हिरड्यांतून रक्त येतंय. आणि तोंड कोरडं ठाक आहे. दिवसभरात पाणी किती पिता?"

मावशीच्या पार्लरला मोरी नव्हती. गिऱ्हाईक सोडून कुठे जायला नको म्हणून ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवतच नसे. लिंबापासून लवंगेपर्यंत सगळं करून झालं होतं, पाणी तेवढं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ केल्या, झिजलेल्या दातांसाठी पेस्ट दिली, जीभ घासायला सांगितली आणि दातात दोरा धरायला मनाई केली. मावशीने शेजारच्या औषधाच्या दुकानदाराकडून त्याच्या मोरीची किल्ली हक्काने मागून घेतली. ज्यांना ज्यांना लिंबू-सोडा सांगितला होता, त्यांना एकेकीला गाठून "मी चुकले, बंद करा" म्हणून सांगितलं, तेही असं ठासून की जणू दुसऱ्याच कोणाची चूक होती. आणि दोऱ्याचा फास गळ्यात अडकवून मानेच्या हिसक्याने भुवया कोरायला ती पुन्हा पहिल्यापासून शिकली. सरावासाठी नणंदेला बसवलं. तिची एक भुवई महिनाभर आश्चर्याने वर चढल्यासारखी दिसत होती.

हात बसला, आणि एके दिवशी बँकेतल्या बाई दारात उभ्या राहिल्या. "तिकडे फार बारीक करतात," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मावशी वाकली. तिचं लक्ष भुवईवर नव्हतंच, बाईंच्या छातीवर होतं. छाती हलत नव्हती. बाईंनी सवयीने श्वास रोखला होता.

मावशीने दोरा सैल सोडला.

"बाई, घ्या श्वास. मला कळलंय सगळं, दवाखान्यात जाऊन आलेय. घ्या, आणि खरं काय ते सांगा."

बाईंनी डोळे उघडले. लाजल्या, घुटमळल्या. मग हळूच नाकाने श्वास घेतला. मग आणखी एक, चांगला खोल.

"साबणाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातांचा."

"आणखी?"

"आणखी काही नाही, मावशी."

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. समोरची भुवई दिसेना, म्हणून तिने पदराने डोळे पुसले, गळ्यातला दोरा ताणला आणि म्हणाली, "पापणी धरा नीट. कोणी कोरल्यात हो या? वाटोळं केलंय नुसतं!"